पाच लेटरचा शब्द, मध्ये ए आणि शेवटी ई: असले इंग्लिश शब्द शोधायचे कसे

"पाच लेटरचा शब्द सांगा, मधलं लेटर ए, शेवटचं ई" असा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी आला की समजायचं कोणीतरी वर्डलमध्ये (सहा चान्समध्ये पाच लेटरचा शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) अडकलंय, दुपारी आला तर आईचं इंग्लिश पेपरमधलं क्रॉसवर्ड अडलंय आणि संध्याकाळी आला तर भाचीचा होमवर्क. मी इथे नाशिकला इंदिरानगरमध्ये मुलांच्या इंग्लिशच्या शिकवण्या घेते त्यामुळे हा प्रश्न सगळ्या वयाची माणसं माझ्याकडे घेऊन येतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेकजण सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात, म्हणजे छताकडे बघत शब्द आठवत बसतात. आठवायला गेलं की एकच शब्द परत परत डोक्यात येतो आणि तो नेमका बसत नसतो. त्याऐवजी कागदावर जागा मांडा आणि जागा भरत जा. इंग्लिश स्पेलिंगला बऱ्याच सवयी आहेत, त्या कळल्या की शब्द आपोआप समोर यायला लागतो, अगदी ज्याला "माझं इंग्लिश कच्चं आहे" असं वाटतं त्यालाही.

स्पेलिंग मी इथे देवनागरीतच लिहितेय, मध्ये छोटी रेघ म्हणजे एकेक लेटर, म्हणजे क्रेन हा शब्द सी-आर-ए-एन-ई असा, आणि जे लेटर माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह. वरचा प्रश्न असा दिसेल: ?-?-ए-?-ई. वहीत तुम्ही अर्थातच एबीसीडीत लिहा आणि कॅपिटलमध्ये लिहा, कॅपिटलमध्ये सगळी लेटर्स एका उंचीची असतात त्यामुळे जागा नीट दिसतात.

आधी प्रश्न कोणत्या जातीचा ते बघा

असे प्रश्न तीन जातींचे असतात आणि तिन्हीची रीत वेगळी. पहिल्या जातीत लेटर कुठल्या जागेवर आहे ते माहीत असतं, क्रॉसवर्डमध्ये आडवा शब्द उभ्याला कापतो तेव्हा किंवा वर्डलमध्ये चौकोन हिरवा होतो तेव्हा. दुसऱ्या जातीत लेटर शब्दात आहे एवढंच माहीत असतं, कुठे ते नाही, म्हणजे वर्डलचा पिवळा चौकोन. तिसऱ्या जातीत हातात जेवढी लेटर्स आहेत त्यातूनच शब्द बनवायचा, बाहेरचं एकही घ्यायचं नाही, जसं स्क्रॅबल या लेटरच्या टाइल्सच्या खेळात. मुलं दुसरी आणि तिसरी जात हमखास मिसळतात. "टी, ए, आर असलेले पाच लेटरचे शब्द लिहा" म्हटलं की रॅट, आर्ट, टार लिहून वही बंद करतात, कारण त्यांना वाटतं एवढीच तीन वापरायची. प्रश्नाच्या शेजारी पेन्सिलने लिहायला लावा, "जागा माहीत", "जागा माहीत नाही" किंवा "फक्त हीच". एवढ्याने अर्धा गोंधळ संपतो.

जागा माहीत असेल तेव्हा

परत ?-?-ए-?-ई कडे येऊ. शेवटी ई आणि त्याच्या आधी एक जागा सोडून ए, म्हणजे बहुतेक वेळा हा ई स्वतः बोलत नाही, तो फक्त ए चा उच्चार लांबवतो, केक, गेट, नेम मध्ये असतो तसा. मग पहिल्या दोन जागा राहतात, आणि तिथे इंग्लिशमध्ये काय वाट्टेल ते येत नाही, ठरलेल्या जोड्या येतात: बी-एल, बी-आर, सी-एच, सी-आर, एफ-एल, जी-आर, पी-एल, एस-एच, एस-के, एस-एल, एस-पी, एस-टी, टी-आर, डब्ल्यू-एच, आणि अशाच अजून थोड्या. एक जोडी घ्यायची, ती पहिल्या दोन जागांवर बसवायची आणि चौथ्या जागेवर सी, डी, जी, के, एल, एम, एन, पी, आर, टी, व्ही फिरवत जायचं. जी-आर घेतलं की ग्रेप (नाशिककरांना हा आधी सुचतो), ग्रेड, ग्रेव्ह. एस-एच घेतलं की शेड, शेक, शेम, शेप, शेअर, शेव्ह. पी-एल ने प्लेस, प्लेन, प्लेट. बी-एल ने ब्लेड आणि ब्लेम, एस-टी ने स्टेज, स्टेट आणि स्टेअर. मी मुलांना जोड्यांची एक उभी पट्टी आणि चौथ्या जागेची दुसरी पट्टी कागदाची कापून देते आणि ती शेजारी शेजारी सरकवायला सांगते. जी मुलगी आधी "मला एकही येत नाही" म्हणत होती तीच पट्टी हातात आली की थांबायला तयार नसते.

हे संपलं की मग अपवाद बघायचे. पहिल्याच जागेवर व्हॉवेल (ए, ई, आय, ओ, यू) असेल का? अवेक, अवेअर, आणि ई-आर-ए-एस-ई, इमेज. दुसऱ्या जागेवर व्हॉवेल असेल का? एल-ई-ए-व्ही-ई, पी-ई-ए-सी-ई, टी-ई-ए-एस-ई, म्हणजे ई आणि ए शेजारी. क्रॉसवर्डमध्ये अडलं की बहुतेक वेळा याच दुसऱ्या गटाने अडलेलं असतं कारण आपण पहिला साचा सोडायला तयार नसतो.

कुठलं लेटर आधी करून बघायचं याचा सगळ्यात सोपा पुरावा स्क्रॅबलच्या डब्यातच आहे. आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन आर्किटेक्ट, १९३० च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम गेलं आणि त्याने हा खेळ बनवला, कुठलं लेटर किती ठेवायचं हे ठरवायला त्याने पेपरच्या पानांवरची लेटर्स मोजली. इंग्लिश सेटमध्ये १०० टाइल्स असतात, त्यात ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८, एन, आर, टी ६-६, आणि जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. एस मात्र फक्त ४, कारण एस जास्त दिला तर प्रत्येकजण शब्दाचं अनेकवचन करून मोकळा होईल. म्हणजे रिकामी जागा दिसली की आधी ई, ए, आर, टी, एन, आय, ओ, एल, एस हेच, जे आणि झेड सगळ्यात शेवटी.

जागा माहीत नसेल तेव्हा

समजा ए, आर, टी हवेत, पाच लेटर, जागा कुठलीही. इथे तिन्ही लेटर्स सुटी सुटी पकडून ठेवलीत तर डोकं भरकटतं, म्हणून आधी त्यांच्या जोड्या करा. टी-आर शेजारी सुरुवातीला ठेवा: ट्रॅक, ट्रेड, ट्रेन, ट्रेल, ट्रॅश, ट्रीट. टी-आर शेवटाकडे सरकवा: एक्स्ट्रा, अल्ट्रा. आता उलट, आर-टी शेवटी: चार्ट, स्मार्ट, स्टार्ट, हार्ट, ॲलर्ट. टी-ई-आर शेवटी: वॉटर, आफ्टर. मग आर-ए शेजारी आणि टी लांब: क्राफ्ट, ड्राफ्ट. मग ए-आर मध्ये: पार्टी. मग सगळे लांब लांब: ॲक्टर. मग ग्रेट, म्हणजे जी-आर-ई-ए-टी, आणि पृथ्वी या अर्थाचा ई-ए-आर-टी-एच. वीसच्या आसपास शब्द कुठलीही डिक्शनरी न उघडता आले, आणि यातला एकही शब्द असा नाही जो दहावीच्या मुलाला माहीत नाही. माहीत सगळं असतं, फक्त बोलवायची रीत नसते.

ऐकू येतं आणि लिहिलं जातं यातलं अंतर

मराठी माध्यमातून आलेल्या माणसाची, आणि खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांचीच अडचण इथे असते, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपली सवय अशी की जे बोलतो तेच लिहितो. श म्हटलं की एक अक्षर, थ म्हटलं की एक अक्षर, फ एक अक्षर. त्यामुळे "पाच लेटरचा शब्द" म्हटलं की आपण कानाने मोजायला लागतो. फोन आपल्याला दोन अक्षरी वाटतो, प्रत्यक्षात पी-एच-ओ-एन-ई, पाच. थम हा तर अजूनच छोटा वाटतो, तोही टी-एच-यू-एम-बी, पाच. हे शब्द आपण शोधताना बघतच नाही, कारण मनातल्या मनात त्यांना "छोटे" या कप्प्यात टाकलेलं असतं.

म्हणून कानाला ऐकू येणारा आवाज स्पेलिंगमध्ये किती प्रकारांनी लपू शकतो त्याचा एक तक्ता करून ठेवा. न चा आवाज के-एन ने सुरू होऊ शकतो: के-एन-आय-एफ-ई, के-एन-ओ-सी-के, के-एन-ई-ई-एल. र चा आवाज डब्ल्यू-आर ने: राइट म्हणजे लिहिणं, डब्ल्यू-आर-आय-टी-ई, मग राँग, रिस्ट. फ चा आवाज शेवटी जी-एच मध्ये बसलेला असतो: एल-ए-यू-जी-एच, टी-ओ-यू-जी-एच, आर-ओ-यू-जी-एच. क चा आवाज सी, के, सी-के, सी-एच, क्यू यातला कुठलाही असू शकतो. ज चा आवाज डी-जी-ई मध्ये: जज, बॅज. ब अजिबात ऐकू येत नाही पण आहे: क्लाइंब, आणि डी-ओ-यू-बी-टी. आणि श साठी तर एस-एच सोडून किती दारं आहेत बघा, शुगर मध्ये नुसता एस, ओशन मध्ये सी-ई, दोन्ही पाच पाच लेटरचे आणि दोन्हीत एस-एच नाही.

माझी भाची परवा ?-?-जी-?-टी घेऊन बसली होती, "मावशी, ग आणि ट मध्ये काय येणार, गट, गेट, गोट, असा शब्दच नाहीये." मी म्हटलं ग ऐकूच येणार नाहीये असं समज. दोन मिनिटं गप्प बसली, मग एकदम नाइट, लाइट, फाइट, राइट, टाइट, माइट, साइट, सगळी रांगच लिहून काढली, सोबत ई-आय-जी-एच-टी, आठ. जी-एच-टी ही तीन लेटर्स एकत्र चालतात हे एकदा डोक्यात बसलं की परत विसरायला होत नाही. एच दिसला की तो एकटा फार कमी वेळा असतो हेही लक्षात ठेवा, त्याच्या आधी सी, एस, टी, पी, डब्ल्यू, जी यातलं कोणी आहे का ते आधी तपासा.

सात-आठ लेटरचे शब्द उलट सोपे असतात

लोकांना मोठा शब्द बघून धडकी भरते पण मोठ्या शब्दाला शेपूट असते. आय-एन-जी ने तीन जागा जातात, टी-आय-ओ-एन ने चार, एम-ई-एन-टी ने चार, एन-ई-एस-एस ने चार, ए-बी-एल-ई ने चार. आठ लेटरचा शब्द आहे, शेवटी एन आलाय, तर टी-आय-ओ-एन बसवून बघा, फक्त चार जागा उरतात: सोल्युशन, पोझिशन, व्हेकेशन, रिलेशन, फंक्शन, इक्वेशन. यातला इक्वेशन तर पाचही व्हॉवेल एकदाच घेऊन चालतो, स्पेलिंग बी स्पर्धेची तयारी करणाऱ्यांनी तो आणि नऊ लेटरचा एज्युकेशन लक्षात ठेवावा. तसंच पुढच्या बाजूने आर-ई, यू-एन, डी-आय-एस, पी-आर-ई काढून बघायचं.

क्रॉसवर्डमध्ये एक फायदा जास्तीचा मिळतो, क्लूच्या व्याकरणावरून शेपूट कळते. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तराच्या शेवटी बहुधा एस, क्लू भूतकाळातला असेल तर बहुधा ई-डी. आई तर क्लू कळला नसेल तरी हे शेवटचं लेटर पेन्सिलने हलकं लिहून ठेवते आणि त्यावरून आडवे शब्द सोडवते. वर्डलमध्ये मात्र हे चालत नाही, तिथे उत्तर म्हणून नुसता एस लावून केलेलं अनेकवचन साधारणपणे नसतं.

क्यू, एक्स, झेड, जे, व्ही आले तर घाबरू नका

दुर्मिळ लेटर म्हणजे शोध छोटा. क्यू आला की त्याच्या शेजारी यू, पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला अप-डाउन करणाऱ्यांच्या डब्यात कोण कुणाशेजारी बसणार हे जसं ठरलेलं असतं तसं. क्वीन, क्विक, क्वाएट, स्क्वॅड, इक्वल. यू शिवायचा क्यू पण असतो आणि गंमत म्हणजे ते शब्द आपल्याला इंग्रजांपेक्षा जास्त ओळखीचे: एफ-ए-क्यू-आय-आर फकीर, एन-आय-क्यू-ए-बी नकाब, बी-यू-आर-क्यू-ए बुरखा. स्क्रॅबल खेळत असाल तर दोन लेटरचा क्यू-आय पाठ करून ठेवा, क्यू आणि झेड दोघांना १०-१० पॉइंट असतात.

एक्स शब्दाच्या सुरुवातीला जवळजवळ नसतो, ई नंतर किंवा अगदी शेवटी शोधा: एक्झॅक्ट, एक्झिस्ट, इंडेक्स, रिलॅक्स. झेड बऱ्याचदा जोडीने येतो, पिझ्झा, फझी, डिझी. जे बहुतेक पहिल्या जागेवर, नाहीतर मेजर, एंजॉय, निंजा असे मोजके. व्ही वर इंग्लिश शब्द सहसा संपत नाही, त्याच्यामागे ई लागतो, म्हणून शेवटून दुसरी जागा व्ही असेल तर शेवटी आधी ई लिहून बघा. आणि ए, ई, आय, ओ, यू यातलं एकही बसत नसेल तर वाय वापरा: मिथ, क्रिप्ट, निंफ, लिंफ, जिप्सी, आणि सहा लेटरचा ऱ्हिदम.

आपल्याकडचे शब्दही इंग्लिश डिक्शनरीत भरपूर गेलेत ते विसरू नका. गोदाघाटातला घाट हा चार लेटरचा जी-एच-ए-टी, मग रोटी, घी, लाख, आणि पाच लेटरचे धोती, लाठी, तबला, सितार, क्रोर (कोटी), पैसा. स्क्रॅबलमध्ये समोरच्याने "हा इंग्लिश शब्द नाही" म्हटलं तरी डिक्शनरी उघडून दाखवा.

फक्त हीच लेटर्स वापरायची असतील तर

नाशिकचंच स्पेलिंग घ्या, एन-ए-एस-एच-आय-के. सरळ रेषेत लिहिलं की डोळ्याला नाशिकच दिसत राहतं आणि दुसरं काही सुचत नाही, म्हणून ती सहा लेटर्स गोलात लिहा. व्हॉवेल वेगळे करा, ए आणि आय. उरलेल्या चारमध्ये जोड्या शोधा, एस-एच सुरुवातीला चालतो, एन-के शेवटी चालतो, मध्ये एक व्हॉवेल घाला, एस-एच-ए-एन-के, शँक, पाच लेटरचा शब्द तयार. आता एच काढा, सँक, आणि ए च्या जागी आय, सिंक. एस-के जोडी केली की स्किन. के-एच केलं की खान, एच पुढे आणला की हँक, आणि या दोघांना शेवटी एस लावला की अजून दोन पाच लेटरचे. शिन, आस्क, इंक, स्की हे छोटे मधेच पडतात. घरात पाहुण्यांची मुलं जमली की प्रत्येकाला आपापल्या गावाचं स्पेलिंग द्या, येवला, निफाड, सिन्नर, चांदवड, तासभर मोबाईल बाजूला राहतो हे मी खात्रीने सांगते.

वर्डलमधला सापळा

जॉश वॉर्डल या इंजिनिअरने बनवलेला हा खेळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसाठी आला आणि २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला, पाच लेटर, सहा चान्स. यात चार लेटर्स हिरवी होऊनही माणसं हरतात. उदाहरणार्थ ?-ए-टी-सी-एच आलं, आता बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच असे सात शब्द बसतात आणि तुमच्याकडे तीन चान्स उरलेत. एकेक करून बघणं म्हणजे नशिबावर सोडणं. त्याऐवजी एक चान्स मुद्दाम अशा शब्दावर घालवा ज्यात या सातातली जास्तीत जास्त पहिली लेटर्स एकत्र आहेत, भले तो उत्तर असूच शकत नाही. पी-एल-यू-एम-बी, प्लंब, टाका. पी, एल, एम, बी चार लेटर्स एका फटक्यात तपासली जातात, यातलं एक रंगलं तर उत्तर नक्की झालं, एकही रंगलं नाही तर फक्त कॅच, हॅच, वॉच उरले. हार्ड मोड चालू असेल तर हे करता येत नाही कारण तिथे मिळालेली लेटर्स पुढच्या शब्दात वापरावीच लागतात, म्हणून हार्ड मोडवाल्यांनी चार लेटर्स जुळायच्या आधीच वेगवेगळी व्यंजनं तपासून घ्यावीत.

आणि एकच लेटर दोनदा असू शकतं हे लोक विसरतात. सगळं करून बघितलं, काहीच बसत नाही, अशी वेळ आली की जे हिरवं झालंय तेच परत दुसऱ्या जागेवर घालून बघा. तुमच्या शब्दात ई दोनदा आणि उत्तरात एकदाच असेल तर एकच ई रंगतो, दुसरा राखाडी राहतो, त्यामुळे राखाडी ई बघून "ई नाहीच" असं ठरवू नका.

मशीनची मदत

स्वतः प्रयत्न करून झाला की मग टूल वापरायला काहीच हरकत नाही, उलट जे शब्द आपल्याकडून निसटले ते बघायला तेच उपयोगी पडतं. वनलुक नावाची डिक्शनरी सर्च साइट आहे, तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे एक लेटर आणि स्टार म्हणजे कितीही लेटर्स. जागा माहीत असेल तर जसं कागदावर लिहिलं तसंच टाइप करायचं, फक्त मधल्या रेघा नको. जागा माहीत नसेल तर पाच प्रश्नचिन्हं, मग स्वल्पविराम, मग स्टार, हवं ते लेटर, परत स्टार. नको असलेली लेटर्स शेवटी मायनसचं चिन्ह लावून लिहायची. वर्डलवाल्यांना हे मायनस फार कामाचं.

नेट नसेल किंवा शाळेसाठी मोठी यादी काढायची असेल तर एनेबल नावाची फुकट आणि कॉपीराइट नसलेली वर्ड लिस्ट मिळते, १,७०,००० च्या वर शब्द आहेत, ती एक्सेलमध्ये एका कॉलमात टाका आणि फिल्टरमध्ये टेक्स्ट फिल्टर, इक्वल्स निवडून तोच प्रश्नचिन्हांचा साचा द्या, पाचच लेटरचे शब्द समोर येतात. ज्यांच्याकडे लिनक्स किंवा मॅक आहे त्यांनी टर्मिनलमध्ये ग्रेप नावाची कमांड वापरावी, तिथे प्रश्नचिन्हाच्या जागी टिंब असतं, सुरुवातीला टोपीचं चिन्ह आणि शेवटी डॉलर लावला नाही तर मोठे शब्दही घुसतात, आणि "कुठेही चालेल" अशा प्रत्येक लेटरसाठी एकामागे एक ग्रेप जोडत जायचं. तिसऱ्या जातीच्या प्रश्नाला ॲनाग्राम सॉल्व्हर, म्हणजे दिलेली लेटर्स उलटसुलट करून शब्द काढणारं टूल, लागतो, साधा सर्च नाही.

टूलमधून आलेला शब्द जसाच्या तसा वहीत उतरवू देऊ नका, मुलाला त्याचा अर्थ बघायला लावा. या याद्यांमध्ये कोणीही न वापरणारे शब्द ढिगाने असतात आणि शिक्षकांनी "अर्थ सांग" म्हटलं की पंचाईत होते.

आणि अमेरिकन की ब्रिटिश हे आधी बघा कारण त्याने लेटरची संख्याच बदलते. आपण शाळेत कलर सहा लेटरचा शिकलो, सी-ओ-एल-ओ-यू-आर, अमेरिकेत यू नाही म्हणून तो पाचचा. ऑनर, फेवर, ह्यूमर, लेबर सगळ्यांचं तेच. वर्डल अमेरिकन स्पेलिंग धरतं, आपल्याकडच्या शाळेची पुस्तकं ब्रिटिश. त्यामुळे वर्डलमध्ये शेवटी ओ-आर दिसलं की हे पाच शब्द आठवा, आणि शाळेच्या वहीत ते पाच लेटरचे म्हणून लिहू नका.

जाता जाता सरावाला एक देते, पाच लेटर, एन, जी आणि एच तिन्ही हवेत, जागा कुठलीही. जी-एच आधी एकत्र ठेवून बघा, मग वेगळे करून. एकत्र ठेवून नाइट आणि घोड्याच्या खिंकाळण्यासाठीचा एन-ई-आय-जी-एच मिळतो, वेगळे केले की दाराची बिजागरी, एच-आय-एन-जी-ई. अजून कुठले बसतात ते जोड्या करून काढा, आणि शेवटी एस लावायची परवानगी असेल तर आधी चार लेटरचे शोधा, हँग, हंग वगैरे, आणि त्यातल्या कुणाला एस चालतो ते तपासा.